उमेद मागून येते

‘मूड आला की करतो.’ ‘जरा बरं वाटू दे, मग जाईन फिरायला.’ ‘मनच लागत नाही, बसून काय उपयोग?’ घराघरांत रोज बोलली जाणारी ही वाक्यं. आधी मनाला उभारी यायची, मग हातपाय हलायचे, असा क्रम त्यांत गृहीत धरलेला असतो. प्रेरणेचा सगळा बाजारही त्याच क्रमावर चालतो. पहाटे व्हॉट्सॲपवर येऊन पडणारे सूर्योदय आणि सुविचार, पाचला उठलात तर आयुष्य बदलेल अशी हमी देणारी पुस्तकं, तिकीट लावून सभागृहं भरवणारे वक्ते, सगळ्यांचा सूर एकच: आधी पेटून उठा. मन सांभाळण्याच्या साध्या, रोजच्या उपायांची गेल्या पन्नासेक वर्षांत जी तपासणी झाली ती पाहिली, तर तिच्यातला सगळ्यात भक्कम पुरावा बरोबर उलट्या क्रमाच्या बाजूने आहे. आधी काहीतरी करायचं, मन नसतानाही. उमेद मागून येते. या उपायांपैकी कशात किती दम आहे, ते इथे पाहायचं आहे.

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात पीटर लुइनसन १९७० च्या दशकात नैराश्यावर काम करत होते. त्यांचं म्हणणं असं, की माणूस खचतो तेव्हा त्याच्या दिवसातून एकेक गोष्ट गळायला लागते. मित्राकडे जाणं, कपाट आवरणं, भाजी घेताना चार शब्द बोलणं. या गोष्टींतून जे थोडंफार पदरात पडायचं ते बंद होतं, म्हणून तो आणखी खचतो, आणि खचला म्हणून उरलेलंही सोडून देतो. लुइनसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने ३२० सुखद गोष्टींची यादीच तयार केली होती. गेल्या महिनाभरात यांपैकी काय काय केलं आणि त्यात गोडी किती वाटली, हे रुग्णाने नोंदवायचं. मग त्यातल्या काही गोष्टी ठरवून, वेळ नेमून, दिवसात परत आणायच्या. या पद्धतीला पुढे ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ हे नाव पडलं.

त्याच सुमारास विचारांवर काम करणारे विचार-वर्तन उपचार (सीबीटी) जोरात होते. अविवेकी विचार पकडा, तपासा, बदला, म्हणजे भावना बदलेल. महाराष्ट्राला ही वाट ओळखीची आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या ठाण्याच्या संस्थेने १९९० पासून ती व्याख्यानांतून, शिबिरांतून मध्यमवर्गापर्यंत पोहोचवली. या वाटेने अनेकांना फायदा झाला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण १९९६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात नील जेकबसन यांनी एक खोडकर प्रश्न विचारला: या विचार-वर्तन उपचाराचे तुकडे केले आणि फक्त ‘दिवसात कामं परत आणा’ एवढाच तुकडा दिला तर? दीडशे रुग्णांवर त्यांनी ते करून पाहिलं. नुसता तुकडा पूर्ण उपचाराइतकाच चालला. वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, इंग्लंडमध्ये ४४० जणांवर हाच प्रश्न पुन्हा तपासला गेला. कमी प्रशिक्षण घेतलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेलं बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, अनुभवी मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या विचार-वर्तन उपचाराच्या तोडीस तोड ठरलं, आणि खर्चही कमी आला.

हा विचार अमेरिकेत उगवला असंही नाही. जपानमध्ये मोरिता मसाताके नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९१९ च्या सुमारास अशीच पद्धत बसवली होती. आधी काही दिवस रुग्णाने नुसतं पडून राहायचं, मग हलकी कामं, मग अंगमेहनतीची, मग परत संसारात. रोज डायरी लिहायची, डॉक्टरांनी ती वाचून शेरे मारायचे. भीती वाटते? वाटू दे. ती जाईपर्यंत थांबू नका, अंगण झाडायचं असेल तर भीतीसकट झाडा, असा सगळा रोख.

आपल्याला जास्त जवळची गोष्ट गोव्यातली आहे, आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये गोव्यात ‘संगथ’ ही संस्था काढली. मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि रुग्ण गावोगावी, हे गणित कसं सोडवायचं, हा त्यांचा पहिल्यापासूनचा प्रश्न. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये झालं (त्यात बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता). त्यानुसार दहातल्या एका प्रौढाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास होता, आणि नेहमी आढळणाऱ्या आजारांतल्या शंभरांपैकी ऐंशीहून अधिक जणांना उपचार मिळत नव्हते. देशात लाख लोकांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही. तेव्हा संगथने डॉक्टरांची वाट न पाहता गावातल्याच, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं. त्यांच्या हातात दिलं ते हेच बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, सहा ते आठ बैठकांत बसवलेलं. नाव ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’, थोडक्यात हॅप.

बैठक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी, अर्ध्या-पाऊण तासाची. समजा, पेडण्याकडची पन्नाशीची एक बाई आहे. तिची तक्रार ‘नैराश्य’ अशी नसते. ती सांगते अंग दुखतं, झोप नाही, टेन्शन आहे. सल्लागार तिला विचार बदलायला सांगत नाही. एक साधा तक्ता देतो: दिवस, वेळ, काय केलं, तेव्हा मन कसं होतं. आठवडाभराने तक्ता पाहिला की काहीतरी दिसतं. दुपारी जेवणानंतर ती एकटी पडून राहते आणि तेव्हाच सगळ्यात वाईट वाटतं. बुधवारी शेजारणीबरोबर मासळी आणायला गेली होती तेव्हा त्यातल्या त्यात बरं होतं. मग पुढच्या आठवड्यासाठी ठरतं: दुपारी तीन वाजता पडून न राहता शेजारणीकडे जायचं, वीस मिनिटं. इतकंच. ‘सकारात्मक राहा’ वगैरे काही नाही. जाणं जमलं नाही तर का नाही जमलं ते पाहायचं आणि काम आणखी लहान करायचं. वाटेत एखादी खरी अडचण असेल, कर्जाची, नवऱ्याच्या दारूची, तर तिच्यावर काय करता येईल त्याचा स्वतंत्र विचार करायचा.

ही बाई मी समजण्यासाठी उभी केली. पुढचे आकडे मात्र खरे आहेत. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या जवळपास पाचशे जणांवर हे करून पाहिलं आणि निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. त्या उपचारांच्या जोडीला हॅप मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं, की या फायद्यातला मोठा हिस्सा माणूस खरोखर किती हलायला-फिरायला, कामाला लागला यातूनच आला होता. मला या सगळ्या आढाव्यात गोव्याचा हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तो आपल्याच मातीत, टेन्शन हाच शब्द वापरणाऱ्या माणसांवर झाला आहे.

चालण्याच्या आणि व्यायामाच्या बाजूने पुरावा भरपूर आहे, पण तो वाचताना हात जरा राखून ठेवावा लागतो. ड्यूक विद्यापीठातला १९९९ चा अभ्यास नेहमी सांगितला जातो. पन्नाशीच्या पुढचे १५६ नैराश्यग्रस्त, तीन गट: एकाला व्यायाम, एकाला सर्ट्रालिन हे औषध, एकाला दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. फरक एवढाच, की औषधाचा गुण लवकर दिसला. व्हॉट्सॲपवर याचं ‘व्यायाम हेच औषध, गोळ्या फेका’ असं झालं. मूळ अभ्यासात तसं काही नाही. शिवाय व्यायाम गटाने मिळून केला होता, तेव्हा गुण घामाचा किती आणि सोबतीचा किती, हे त्यातून वेगळं करता येत नाही. २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखात २१८ चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. चालणं किंवा हळू धावणं, योगासनं आणि वजनांचा व्यायाम हे त्यात वरच्या क्रमांकावर आले. पण त्यातल्या बहुतेक चाचण्या पुराव्याच्या कसोटीवर कच्च्या आहेत, हेही त्याच लेखात स्पष्ट लिहिलं होतं. व्यायामाच्या चाचण्यांत एक अडचण कायम राहणार: आपण चालतो आहोत की नाही, हे रुग्णापासून लपवता येत नाही.

तरी एक गोष्ट बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. शून्यावरून थोड्यावर येण्यात सगळ्यात जास्त फायदा आहे. शिफारस केली जाते त्याच्या निम्मी हालचाल करणाऱ्यांतही नैराश्याचा धोका काहीच न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आढळला, असं २०२२ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसतं. पूर्ण हालचाल करणाऱ्यांत तो २५ टक्क्यांनी कमी. म्हणजे रोज दहा हजार पावलांचा हट्ट धरून तिसऱ्या दिवशी सोडण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी. आणि कुठे चालता यालाही थोडा अर्थ आहे. स्टॅनफर्डच्या ३८ जणांच्या एका छोट्या प्रयोगात दीड तास गवताळ माळावरून चालणाऱ्यांचं मनातल्या मनात तेच तेच घोळवणं कमी झालं; वाहत्या रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यांचं झालं नाही. वेताळ टेकडी राखण्यासाठी भांडणाऱ्या पुणेकरांना हे पटवून द्यावं लागणार नाही. ज्यांच्या वाट्याला फक्त उड्डाणपुलाखालचा रस्ता आला आहे त्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

सोबत हा उपाय मानला जात नाही, पण आकडे पाहता तो मोठाच आहे. जुलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तीन लाखांहून अधिक लोकांचे १४८ अभ्यास एकत्र केले. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची त्या त्या काळात जगण्याची शक्यता इतरांपेक्षा निम्म्याने जास्त होती. हारारेमधला प्रयोग तर ऐकूनच आवडावा असा आहे. झिम्बाब्वेचे मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाकं ठेवली आणि वस्तीतल्या आजीबाईंना ऐकण्याचं, प्रश्न एकेक करून सोडवण्याचं प्रशिक्षण दिलं. ‘फ्रेंडशिप बेंच’ हे त्याचं नाव. २०१६ मध्ये छापून आलेल्या ५७३ जणांच्या चाचणीत त्याचा ठळक फायदा दिसला. आपल्याकडे पार आहेत, कट्टे आहेत, सकाळचे फिरायचे ग्रुप आहेत. तिथे बोलणारे पुष्कळ असतात. हारारेच्या आजीला मात्र ऐकायला शिकवलेलं असतं, आणि प्रयोगाचं सगळं गुपित तिथे आहे.

याच खात्यात हास्यक्लब घालावा लागेल. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईतल्या एका बागेत पाच जणांना घेऊन तो सुरू केला. सुरुवातीला विनोद सांगून हसायचे. काही दिवसांत विनोद संपले, उरलेले चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते, तेव्हा विनोदाशिवायच हसायचं ठरलं. तिथून ती चळवळ जगभर गेली. हसण्यावरच्या चाचण्या लहान आहेत, निकाल मिश्र आहेत. माझ्या मते निवृत्त माणसाला तिथे मिळणारा खरा लाभ असा, की सहा वाजता कुणीतरी त्याची वाट पाहत असतं आणि दोन दिवस दिसला नाही तर फोन येतो. हसणं फुकटात.

श्वास आणि ध्यान यांच्याकडे वळताना महाराष्ट्राला थोडा अभिमान बाळगायला जागा आहे. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ मध्ये काढलं ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायच्या म्हणूनच, आणि ‘योग मीमांसा’ हे संशोधनाचं नियतकालिक त्याच वर्षी सुरू केलं. संथ श्वासाबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं ते असं: मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब यांचं नियमन अधिक चांगलं चालतं. लुचानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टरांनी २००१ मध्ये २३ जणांकडून एकदा लॅटिनमधली जपमाळ म्हणून घेतली, एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्ही वेळा श्वासाची गती आपोआप सहाच्या आसपास आली. जपाची माळ ओढणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

ध्यानाचं मात्र जरा जास्तच झालं आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि पुढे कंपन्यांनी, शाळांनी, ॲपवाल्यांनी तो उचलला. २०१४ मध्ये ४७ चाचण्यांचा आढावा घेतला गेला. ध्यानाने चिंता आणि नैराश्य काहीसं कमी होतं, पण व्यायाम, औषध किंवा दुसऱ्या एखाद्या उपचारापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा नाही, असं त्यात दिसलं. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर वर्गात माइंडफुलनेस शिकवून पाहिला. २०२२ मध्ये निकाल आले, फायदा शून्य. बहुतेक मुलांनी घरी जाऊन सराव केलाच नव्हता, हे त्यामागचं एक संभाव्य कारण. ज्याला आवडतं त्याने जरूर बसावं. मात्र इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातल्या दहा दिवसांच्या मौनाला ‘जाऊन ये, बरं वाटेल’ म्हणून कुणालाही पाठवू नये. ज्याला पूर्वी भास-भ्रमाचा आजार होऊन गेला आहे त्याला इतकं तीव्र ध्यान बाधू शकतं. त्याने आधी आपल्या डॉक्टरांशी बोलायला हवं.

लिहिण्याबद्दल थोडं सविस्तर. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी भावना आणि घटना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्यानंतर शेकडो प्रयोग झाले. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी फायदा निघाला, पण बारीकसा. आणि एक गोष्ट डायरीचा प्रचार करणारे सांगत नाहीत: लिहून उठल्यावर लगेच माणसाला बहुधा जास्तच वाईट वाटतं. गुण यायचा तर नंतर येतो. त्यामुळे ताज्या जखमेवर, आघात होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर, वही पुढे करणं बरं नाही.

वही-पेन नसलेल्या बायकांनी हेच काम जात्यावर केलं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक जमल्या, आणि आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहात ऐकायला मिळतात. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं, घरघर आवाज. त्या आवाजाच्या आडोशाने सासर, माहेर, मेलेलं मूल, बाप, विठ्ठल, सगळं बोलता यायचं. समोर खुंट्याला हात लावून दुसरी बाई बसलेली असे, तिची ओवी हिच्या ओवीला लागून येई. पेनबेकरच्या खोलीत प्रत्येक जण एकटा होता. इथे दुःखाला घाट होता, लय होती आणि ऐकणारी होती. गिरण्या आल्या, पाठीचं ओझं उतरलं, फार चांगलं झालं. जात्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण ती पहाटेची बोलायची जागा गेली ती गेलीच. तिच्या बदल्यात बचतगटाची बैठक काही गावांत थोडंफार ते काम करते.

कृतज्ञतेची वही, म्हणजे रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, ही २००३ नंतर फार गाजली. पुढच्या आढाव्यांत नैराश्यावर आणि चिंतेवर तिचा परिणाम किरकोळ निघाला. ज्याला लिहावंसं वाटतं त्याने लिहावं. मार खाणाऱ्या सुनेला कृतज्ञता शिकवणं हा मात्र वेगळाच प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे प्रवचनांतून सर्रास चालतो.

छंद या गोष्टीवर चाचण्या कमी, पण अनुभवाचं गाठोडं मोठं. अनिल अवचट ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे, चित्रं काढायचे, आणि ‘छंदांविषयी’ हे पुस्तकही त्यांनी लिहिलं. त्यांनी आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथेही दाखल झालेल्याचा दिवस बांधलेला असतो: योगासनं, आवराआवर, गटात बोलणं. व्यसन सुटल्यावर दिवसात केवढी तरी रिकामी पोकळी उरते. ती कशाने भरायची, हे ठरलं नाही तर बाटली परत येते. अवचटांच्या छंदांचं मला जे आवडतं ते असं, की त्यांत कुठे पोहोचायचं नव्हतं. हल्ली छंद लागला की आठवड्यात त्याचं रील निघतं आणि महिन्यात त्याचा ताण येतो.

झोपेबद्दल थोडक्यात, कारण इथे वादाला फार जागा नाही. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ निद्रानाशी विद्यार्थ्यांवर झालेल्या चाचणीत नुसती झोप सुधारली तर चिंता, नैराश्य, एवढंच काय संशय आणि भासही कमी झाले. हा निकाल २०१७ चा. झोप बिघडणं हे मन बिघडल्याचं लक्षण आहेच, ते कारणही असतं. नियम साधे आहेत: रोज एकाच वेळी उठायचं, अंथरूण फक्त झोपेसाठी, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं. फक्त हे नियम वेगळी बेडरूम असलेल्या देशात लिहिले गेले. दहा बाय बाराच्या खोलीत ज्या कॉटवर दिवसा अभ्यास, संध्याकाळी पाहुणे आणि रात्री दोघं झोपतात, तिथे ‘दुसरीकडे’ म्हणजे गॅलरी किंवा जिना. त्या घरांत उठायची वेळ पक्की ठेवणं हा एकच नियम निभावतो, आणि सुदैवाने तो कामाचा आहे.

हे सगळं टिकायचं कसं? एकवीस दिवसांत सवय लागते, हा समज मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. ‘निदान’ वाटेत गळालं. फिलिपा लॅली यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर पाहिलं तर सवय अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, आणि टोकं होती १८ आणि २५४. एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. नवी गोष्ट जुन्या गोष्टीला बांधली की सोपं जातं: चहा झाला की दहा मिनिटं गच्चीवर. ‘जमेल तेव्हा’ असं ठरवलेलं काम बहुधा होत नाही.

आता मर्यादा. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस नाही, जेवण-झोप बिघडलेली, काम होत नाही, मरणाचे विचार येतात, अशी स्थिती असेल तर फिरणं आणि वही यांच्यावर भिस्त ठेवू नये, डॉक्टर गाठावा. टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून त्याला शिक्षेपासून दूर ठेवण्याची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे, त्यामुळे मदत मागताना पोलिसांची भीती बाळगायचं कारण नाही.

दुसरी मर्यादा जास्त अवघड. विदर्भात ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावपातळीवर कार्यकर्ते तयार करून नैराश्य ओळखायचं, आधार द्यायचा, गरज असेल त्याला पुढे पाठवायचं. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. मोठं यश. तरीही सोयाबीनचा भाव आणि सावकाराचं व्याज तक्ता भरून कमी होत नाही. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना सरकारने रोख रक्कम दिली तेव्हा त्या भागांतल्या आत्महत्या १८ टक्क्यांनी घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात सुरू झालेल्या ‘आत्मीयता’ प्रकल्पाने हे बरोबर ओळखलं. तिथली गावातली स्वयंसेवक माणसं ऐकून घेतात, काय करता येईल ते ठरवायला मदत करतात, आणि त्याच कामाचा भाग म्हणून निराधार योजनेचा, पेन्शनचा अर्जही भरून देतात.

आणि वेळेचं काय? रोज अर्धा तास चाला, पंधरा मिनिटं लिहा, दहा मिनिटं श्वास, छंद जोपासा: बेरीज तासाच्या पुढे जाते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ८८ मिनिटं. गोव्याच्या चाचणीतही तीन चतुर्थांशांहून अधिक रुग्ण बायका होत्या. त्यामुळे डॉक्टर किंवा समुपदेशक एखादीला ‘संध्याकाळी अर्धा तास बाहेर पडा’ असं सांगतात, तेव्हा त्या अर्ध्या तासात कुकर कोण लावणार आणि सासऱ्यांना चहा कोण देणार, हे त्याच बैठकीत, घरच्यांना समोर बसवून ठरायला हवं. हॅपच्या बैठकांत रुग्णाची परवानगी असेल तर घरच्या माणसाला सामील करून घेण्याची सोय मुद्दाम ठेवलेली होती. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत मात्र घरचं माणूस बाहेरच्या बाकावर फोन बघत बसलेलं असतं, आणि सल्ला एकट्या बाईच्या पदरात पडतो.